पुढील सूचना मिळेपर्यंत



मागच्या आठवड्यात धाकटीचं कपाट आवरायला काढलं आणि सगळ्यात खालच्या खणात पाच मास्क निघाले. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे, दोन पदरी, मीच शिवलेले. एकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने काढलेलं तिचं नाव अजून शाबूत होतं. लेक आता मोठी झाली आहे. तिने तो नाकाला लावून पाहिला, पुरला नाही. मग म्हणाली, "आई, उपयोग झाला का गं याचा?"

मी "हो, झाला ना" म्हणून मोकळी झाले. पण उत्तर मनाला पटलं नाही. त्यानंतर या विषयावर जे जे वाचायला मिळालं ते वाचत गेले. आज लिहिते आहे ते त्यातूनच.

आधी तो जानेवारी आठवू या. आमच्या लेकीने पहिलीचा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर केला होता. २०२१ च्या डिसेंबरात दुसरीच्या बाकावर बसते न बसते तोच नवीन लाट आली आणि शाळा पुन्हा बंद. मग सरकारने २४ जानेवारी २०२२ पासून शाळा उघडायला परवानगी दिली. त्याआधी पालकांची झूमवर सभा झाली. एक बाबा म्हणाले, सहा तास मास्क हवाच, खाली आलेला दिसला तर मूल घरी पाठवा. दुसरी एक आई म्हणाली, माझ्या मुलाला कमी ऐकू येतं, तो ओठांवरून समजून घेतो, सगळ्यांची तोंडं झाकल्यावर त्याने काय करायचं? दोघांच्याही मागे लोक उभे राहिले आणि आवाज चढले. मी एक शब्द बोलले नाही. आमच्या घरात सासूबाई होत्या. आदल्या एप्रिलमध्ये त्या अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. त्याच आठवड्यात दवाखान्यात गेलेली त्यांची बहीण परत आली नाही.

सभा ऐकता ऐकता मला आपल्याच घरातलं जुनं भांडण आठवलं. तुमच्यापैकी अनेकींना ते माहीत असेल. माझं माहेर मंदिरमार्गी, सासर स्थानकवासी. माहेरी मुहपत्ती हातात धरायची आणि बोलताना तोंडापुढे न्यायची. सासरी सामायिकाला बसलं की आठ पुटांची मुहपत्ती दोऱ्याने कानाला बांधायची. लग्नानंतर पहिल्या दिवशी मी ती हातात धरून बसले तेव्हा नणंद हसली होती.

हा वाद काही आमच्या घराचा नाही. सतराव्या शतकात लवजी ऋषींच्या परंपरेने मुहपत्ती कायम बांधायला सुरुवात केली, आणि आपल्या नगरचे आनंदऋषीजी ज्या ऋषी संप्रदायातले, तो त्याच परंपरेतला. पुढे एकोणिसाव्या शतकात पंजाबात बुटेरायजी या स्थानकवासी साधूंनी बांधलेली मुहपत्ती सोडली, ते तपागच्छात गेले, आणि त्यांच्यामागून आत्मारामजीही गेले. दोन्ही पक्षांनी पुस्तकं लिहिली, चर्चा केल्या. बांधणारे म्हणत, माणूस विसरतो, हातातलं फडकं वेळेवर तोंडापुढे येत नाही आणि उघड्या तोंडाने बोललं जातं. न बांधणारे म्हणत, सतत बांधलेलं कापड थुंकीने ओलं होतं आणि त्या ओलाव्यातच सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, मग अहिंसा कुठे राहिली?

झूमवरच्या सभेत दुसरं काय चाललं होतं? मुलं विसरतात म्हणून बांधा, आणि ओलं होतं म्हणून बांधू नका!

त्या काळात 'जैन धर्माने मास्क आधीच सांगितला होता' असे निरोप सगळ्या ग्रुपवर फिरत होते. मला ते कधी आवडले नाहीत. मुहपत्ती रोगासाठी नव्हतीच. ती आपल्या श्वासाने, आपल्या बोलण्याने दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. पण एवढं साम्य मात्र खरं आहे की साधा कापडी मास्कही लावणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त जपतो.

आता इतिहास. १८९७ मध्ये ब्रेस्लाउ शहरात मिकुलिच नावाच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीचं कापड बांधायला सुरुवात केली. त्याच गावातल्या फ्ल्यूगे यांनी दाखवून दिलं होतं की नुसतं बोलतानाही तोंडातून जंतू असलेले थेंब उडतात. दवाखान्याबाहेर मास्क आला तो १९१० च्या हिवाळ्यात, मांचुरियातल्या हार्बिनला. तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरला होता. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी सांगितलं की हा प्लेग उंदरांच्या पिसवांनी नाही, माणसाच्या श्वासातून पसरतो आहे. त्यांनी जाळीच्या कापडात कापूस घालून डोक्यामागे बांधायचा मास्क तयार केला. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. ते मास्क न लावताच रुग्णांमध्ये गेले आणि काही दिवसांतच वारले. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसं गेली.

पण मुलांच्या प्रश्नाला हे उदाहरण पुरत नाही. तो प्लेग झालेला माणूस जवळजवळ वाचतच नसे, तिथे वाद कसला घालणार? खरा वाद झाला १९१८ च्या इन्फ्लुएन्झात. त्या तापाने आपल्याकडे एक कोटीहून अधिक बळी घेतले. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या दिवशी ७६८ माणसं मेली. शाळा आणि मास्क यांच्या बाबतीत मात्र अमेरिकेतली दोन शहरं पाहण्यासारखी आहेत, कारण ती अगदी उलट वागली.

सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबरात शाळा बंद केल्या आणि मोठ्यांना मास्क सक्तीचा केला. न लावणाऱ्याला दंड, नाहीतर कोठडी. गंमत म्हणजे महापौर आणि खुद्द आरोग्य अधिकारी बॉक्सिंगच्या सामन्याला उघड्या तोंडाने बसलेले फोटोत सापडले आणि दोघांनाही दंड भरावा लागला. २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता भोंगे वाजले, सगळ्यांनी मास्क काढून रस्त्यावर टाकले. त्याच महिन्याच्या शेवटी शाळा उघडल्या. पण साथ गेली नव्हती. १७ जानेवारी १९१९ ला सक्ती परत आली, आणि या वेळी लोक ऐकेनात. मास्कविरोधी संघ निघाला, त्याच्या सभेला हजारो लोक जमले, आणि अध्यक्षस्थानी एक बाईच होत्या, श्रीमती हॅरिंग्टन. १ फेब्रुवारीला सक्ती उठवावी लागली.

पुढे कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग यांनी जाळीच्या मास्कवर प्रयोग केले. कापड विरळ असेल तर थेंब आरपार जातात, दाट करत नेलं तर श्वास जड होतो आणि हवा कडेच्या फटीतून निघून जाते, असं त्यांना आढळलं. हे वाचताना मला आपलं पाणी गाळायचं फडकं आठवलं. आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं, दुहेरी घ्यायचं आणि इतकं दाट की ऊन आरपार दिसू नये. पण पाणी मुकाट खाली पडतं, हवा मात्र वाट शोधते. लहान मुलाच्या गालावर मोठ्यांचा मास्क बांधला तर दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. मी शिवलेल्या पहिल्या दोन मास्कना तशीच राहिली होती.

आता न्यू यॉर्क. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो याच शहराने. साथ ऐन भरात असताना तिथल्या शाळा चालू राहिल्या. आरोग्य आयुक्त होते रॉयल कोपलँड, आणि हा निर्णय घ्यायला त्यांना भाग पाडणाऱ्या बाई होत्या डॉ. जोसेफिन बेकर, बालआरोग्य विभागाच्या प्रमुख. (टायफॉइड पसरवणाऱ्या मेरी मॅलनला १९०७ मध्ये पोलिसांना घेऊन जाऊन पकडून आणणाऱ्या त्या याच.) शहरात शाळेत जाणारी सुमारे दहा लाख मुलं, त्यातली साडेसात लाख आपल्या चाळींसारख्या कोंदट इमारतींत राहणारी. शाळा बंद केली तर ही मुलं जाणार कुठे? अंधाऱ्या खोलीत, आजारी माणसांच्या शेजारी, नाहीतर रस्त्यावर. त्यापेक्षा शाळेत मोकळी हवा आहे, रोज तपासणारं माणूस आहे. मुलांनी फाटकापाशी घोळका करायचा नाही, सरळ वर्गात जायचं. सकाळी बाई प्रत्येकाकडे पाहणार, लक्षण दिसलं की डॉक्टर आणि मग घरी. मुलांची तोंडं बांधण्यावर तिथे भिस्त नव्हती. भिस्त होती उघड्या खिडकीवर आणि रोजच्या तपासणीवर.

ही खिडकी त्यांना ऐन वेळी सुचलेली नव्हती. क्षयाच्या भीतीने १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला झाडांखाली शाळा भरली होती. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावात मेरी पॅकार्ड आणि एलेन स्टोन या दोन महिला डॉक्टरांच्या पुढाकाराने तशी शाळा निघाली. कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघड्या आणि मुलं पांघरुणात बसलेली. आमच्या लेकीच्या वर्गात २०२२ च्या जानेवारीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद!

मग मास्कचा उपयोग झाला की नाही? २०२१-२२ मधले दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहा. बोस्टनच्या आसपासच्या ज्या शाळांनी सक्ती उठवली, तिथे पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त निघाले. त्यावर टीकाही झाली, कारण दोन्हीकडच्या वस्त्या आणि तपासण्या सारख्या नव्हत्या. उलट स्पेनच्या कॅटालोनियात सहा वर्षांच्या मुलांना सक्ती होती, पाचच्यांना नव्हती, आणि या लागूनच्या दोन वयांत संशोधकांना म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आपल्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलेलं मला यातलं सगळ्यात समंजस वाटतं: पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वयाच्या मुलांनी जमेल तसा आणि पालकांच्या देखरेखीखाली, बारापासून मोठ्यांसारखा.

म्हणून माझं मत विचाराल तर, गावात रुग्ण वाढत असताना सहा वर्षांपुढच्या मुलांनी बंद वर्गात लावावा. मैदानावर नको, बालवाडीत नको. कापड त्याच्या तोंडाच्या मापाचं हवं आणि डब्यात जादा कोरडा मास्क हवा. आणि खिडकी उघडी नसेल तर मास्कचा आग्रह धरायचा शाळेला फारसा हक्क नाही.

पण सॅन फ्रान्सिस्कोचं दुखणं कापडाचं नव्हतंच, आणि ते मला सासूबाईंमुळे कळलं. सभेच्या रात्री शाळेचा निरोप आला, तो मी त्यांना वाचून दाखवला. विद्यार्थ्यांना मास्क अनिवार्य राहील, पुढील सूचना मिळेपर्यंत.

त्या म्हणाल्या, "म्हणजे कधीपर्यंत?"

"तसं लिहिलं नाहीये, आई."

"असं कुठे पच्चक्खाण असतं का गं? नवकारशी असली तरी सूर्योदयानंतर ४८ मिनिटं, हे ठरलेलं असतं. सामायिक घेतो ते पाळायचा वेळ ठरवून. शिवाय प्रत्येकात आगार ठेवलेले असतात. चुकून झालं, आजारपण आलं, तर मोडलं असं धरत नाहीत. ज्याला शेवट नाही आणि सवलत नाही, ते लहान लेकरू कसं पाळेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिच्यासाठी मी लेकीला मास्क लावणार होते, तीच बाई हे विचारत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहिली. मास्कला विरोध नाही, पण दर दोन आठवड्यांनी गावातली स्थिती पाहून तारीख सांगा, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना स्वेटर आम्ही देऊ. आणि त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवून बाईंनी त्याच्याशी बोलताना मास्क खाली घेतला तर आमची हरकत नाही. खाली सात आयांनी सही केली. झूमवर चढ्या आवाजात बोललेल्या दोघी त्यांत होत्या. खिडक्या उघडल्या आणि त्या मुलाला पुढचा बाक मिळाला. तारीख मात्र कधीच मिळाली नाही. आम्हीच घरी ठरवली. सासूबाई दर दुसऱ्या रविवारी कॅलेंडरवर खूण करायच्या आणि लेकीला सांगायच्या, "इथपर्यंत. मग पुन्हा बघू."

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली सक्ती उठली. त्यानंतर शाळेत जाताना लेकीने मास्क स्वतःहून दप्तरात ठेवला. घरी आली ती धापा टाकतच, चपलाही न काढता आजीच्या खोलीत. सासूबाई सामायिकात होत्या, मुहपत्ती बांधलेली. ती घड्याळाकडे पाहत पुढ्यात बसून राहिली. सामायिक पारून त्यांनी दोरा सोडला तसं तिने सांगितलं, "आजी, आमच्या टीचरच्या हनुवटीवर तीळ आहे. मला माहीतच नव्हतं!"