बोगमाळोचीं विमानें

पूर्वीं रत्नागिरीहून गोव्यास जाणें म्हणजे खाडीमागून खाडी तरींतून ओलांडीत जाणें होतें. कोंकण रेल्वेची संपूर्ण वाट १९९८ च्या जानेवारींत खुली झाली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत वास्कोजवळ बोगमाळो येथें भारतीय नौदलानें आपल्या विमानांचें संग्रहालय उघडलें. तेव्हांपासून तें रत्नागिरीकरांच्या अगदीं आटोक्यांत आलें आहे. तरी मंगेशी, शांतादुर्गा व समुद्रकिनारा एवढें करून परतणारेच अधिक. जे तेथें जातात, तेहि बहुधा विमानापुढें उभे राहून स्वतःचें छायाचित्र काढून घेतात आणि निघतात. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. पण तेथें पाहण्यासारखें व टिपून ठेवण्यासारखें काय आहे, हें ठाऊक असल्यास त्यांचा फेरा अधिक सार्थकीं लागेल.

उघड्या मैदानावरील विमानांत सर्वांत आधीं पाहावें असें विमान दिसण्यांत सर्वांत बेताचें आहे. त्याचें नांव सीलँड. पोटाचा आकार होडीसारखा. पाण्यावर आणि जमिनीवर, दोहोंकडे उतरणारें. १९५३ च्या फेब्रुवारींत या जातीचीं पहिलीं विमानें कोचीस आलीं, आणि ११ मे रोजीं तेथें ‘गरुड’ हा नौदलाचा विमानतळ सुरू झाला. स्वतंत्र भारताच्या नौदलास पंख फुटले ते येथें. अशीं दहा विमानें घेण्यांत आलीं. तीं बांधणारा कारखाना बेलफास्टचा, आणि गंमत अशी कीं पुढें ज्या नौकेनें या नौदलास खरें हवाई सामर्थ्य दिलें, ती ‘विक्रांत’हि बेलफास्टच्याच गोदींत पुरी झाली. ४ मार्च १९६१ रोजीं तिच्यावर भारतीय निशाण चढलें.

विक्रांतची सारी लांबी सुमारें सातशें फूट. जमिनीवरील धावपट्टी याच्या कितीतरी पट लांब असते. मग एवढ्याशा जागेंत, तीहि लाटांवर हेलकावणारी, वेगानें येणारें विमान थांबावें कसें? डेकवर पोलादी तारा आडव्या ताणलेल्या असत. विमानाच्या शेंपटाखालीं एक आंकडा असे. उतरतांना वैमानिक तो खालीं सोडी. आंकडा तारेंत अडकला तर विमान क्षणार्धांत थांबे. चुकला तर पुन्हां आकाशांत झेप घेण्यावांचून गत्यंतर नसे. उड्डाणाच्या वेळीं उलट प्रकार. वाफेच्या जोरावर चालणारी एक प्रचंड गोफणच जणूं विमानास पुढें भिरकावून देई. १८ मे १९६१ रोजीं लेफ्टनंट ताहिलियानी यांनीं ‘सी हॉक’ हें जेट विमान विक्रांतवर प्रथम उतरविलें. हेच गृहस्थ पुढें नौदलाचे प्रमुख झाले.

१९७१ च्या युद्धांत विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, आणि तिचा वेग त्यामुळें उणा झाला होता. तरी ४ डिसेंबर रोजीं तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बाजारवर हल्ला केला, व त्यानंतर चितगांव बंदरावर. त्यांच्या जोडीस ‘अलिझे’ हीं पंख्याचीं विमानें होतीं. सी हॉक आणि अलिझे या दोहोंचे प्रकार बोगमाळोस आहेत. त्यांच्या पंखांवर जोड दिसतो, तो पंख दुमडण्यासाठीं. कारण डेकखालच्या कोठारांत जागा फार थोडी. ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ हें चार एंजिनांचें मोठें विमान मात्र नौकेवरचें नव्हे. तें प्रथम एअर इंडियाच्या उतारूंना परदेशीं नेत असे, मग हवाईदलांत गेलें, आणि १९७६ सालीं नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करूं लागलें. हेलिकॉप्टरेंहि आहेत, ‘सी हॅरियर’हि आहे. इमारतीच्या आंत नौकांच्या प्रतिकृति मांडल्या आहेत.

प्रतिकृतीच, कारण मूळ नौका आतां नाहींत. विक्रांत १९९७ सालीं निवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईस तरंगतें संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ सालीं विकली जाऊन मोडींत निघाली. तिच्या पोलादाचा कांहीं अंश मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्यांस लागला! दुसरी नौका ‘विराट’. सी हॅरियर तिच्यावरूनहि उडत. ती सिंधुदुर्गांत निवतीजवळ संग्रहालय म्हणून ठेवावी, या योजनेस महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं मान्यता दिली होती. तें घडलें नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत ती अलंगला गेली आणि तेथें तोडली गेली.

कोंकणास ही हळहळ नवी नाहीं. १७५५ सालीं हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग कमोडोर जेम्सनें घेतला. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत वॉटसनचें आरमार विजयदुर्गाच्या खाडींत शिरलें. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. जमिनीच्या बाजूनें पेशव्यांचेंच सैन्य इंग्रजांच्या मदतीस उभें होतें, हें सांगतांना जीभ अडखळते. पण तें खरें आहे. ‘रिस्टोरेशन’ नांवाचें जहाज आंग्र्यांनीं पूर्वीं कंपनीकडूनच जिंकून आणलेलें. त्यास आग लागली, ती गुराबांवर व गलबतांवर पसरली आणि तुळाजी आंग्र्यांचें आरमार तेथल्या तेथें जळून गेलें. जेम्सच्या विधवेनें १७८४ सालीं लंडनजवळ एका टेकडीवर सुवर्णदुर्गाच्या नांवानें मनोरा बांधला, तो अद्याप उभा आहे. जळालेल्या गुराबांचें रूप मात्र पाहावयाचें तर बहुतेक विजेत्यांच्या पक्षानें काढविलेल्या चित्रांतच पाहावें लागतें. त्यांत डोलकाठ्या व ज्वाळा दिसतात. सुताराचा सांधा दिसत नाहीं.

बोगमाळोचीं विमानें समुद्राच्या वाऱ्यांत उभीं आहेत. खारा वारा धातूस काय करतो, हें ज्याच्या खिडकीच्या बिजागऱ्या चार पावसाळ्यांत गळून पडतात त्या रत्नागिरीकरास शिकवावें लागत नाहीं. अल्युमिनमवर पांढरट भुकटी धरते आणि रिवेटांच्या कडा फुगतात. रंगाचे हात देतां येतात, पण प्रत्येक हातासरशीं जुने क्रमांक व खुणा बुजण्याची धास्ती असते. म्हणून छायाचित्र घेणाऱ्यानें विमानाचें तोंड घेऊन झाल्यावर बाजूस जावें, पंखाचा जोड जवळून घ्यावा, शेपटीवरचा क्रमांक वाचतां येईल असा घ्यावा. सी हॉकच्या मागें गुडघे टेकून खालचा आंकडा टिपावा. मुलांना चित्रांत उभें करावयाचें असल्यास जरूर करावें, त्यामुळें आकाराचा अंदाज येतो. फक्त आंकडा झांकला जाणार नाहीं, एवढें पाहावें. आणि फोनमधलें चित्र घरीं आल्यावर कागदावर उतरवून त्याच्या पाठीवर विमानाचें नांव व दिनांक पेन्सिलीनें लिहून ठेवावा.