झोप लागत नाही, रिपोर्ट मात्र नॉर्मल? मानसोपचार कुणासाठी अन् गैरसमज कोणते

नाशिक : निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीलाच असतो. एक गारपीट झाली की वर्षाचं पीक जातं, बँकेचा हप्ता मात्र राहतो. मग झोप उडते, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. माणूस आधी पित्ताच्या गोळ्या घेतो, नंतर ईसीजी काढतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत.’ खरं तर मनाच्या उपचाराचा विचार इथेच करायला हवा.

कारण फक्त कर्जच असतं असं नाही. बाळंतपणानंतर सारखं रडू येणं, घरातल्या मृत्यूनंतर महिनोन्‌महिने न सावरणं, दारू न सुटणं, नवरा-बायकोतली धुसफूस, ‘नीट’चा निकाल, लांबलेलं लग्न अशा कारणांनीही लोक समुपदेशकाकडे जातात.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘येड्यांचा डॉक्टर’ हा. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. त्यामुळे मानसोपचार म्हटलं की ‘आता ठाण्याला न्यायचं का?’ असा प्रश्न येतो. प्रत्यक्षात बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. भेटून, बोलून ते घरी जातात. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशक औषध देत नाही. आजार तीव्र असेल तर दोन्ही लागतं, आणि चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात.

‘बोलायचंच तर पार आहे की, पैसे कशाला?’ असंही म्हणतात. पण पारावरचं बोलणं दुसऱ्या दिवशी गावभर होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारातली माहिती गुप्त ठेवावी लागते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय इथे नुसता धीर देत नाहीत. ‘भाव पडला, म्हणजे मीच नालायक’ हा विचार कुठून आला, तो खरा आहे का, हे सोबत बसून तपासतात. अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. एका भेटीत फरक पडेलच असं नाही, काही आठवडे जावं लागतं.

सुरगाणा-पेठकडे भगत, इतरत्र देवऋषी. तिथे जाणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही, कारण तिथे कुणीतरी ऐकून घेतं. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. घरातलं कुणी ‘आता जगून काय करू’ म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि लगेच फोन करावा. कुणी आधी प्रयत्न केला असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नये. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच २०१७ चा कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याची काळजी घेणं सरकारचं काम मानतो.