मिश्र अध्ययनाचा कस तासिकेत

मीरा रोड किंवा भाईंदरच्या महाविद्यालयात बी.कॉम. करणारा विद्यार्थी आज आयआयटीतल्या प्राध्यापकांचे व्याख्यान मोबाइलवर फुकट ऐकू शकतो, त्या विषयाची परीक्षा देऊ शकतो आणि मिळालेले श्रेयांक आपल्या पदवीत जमा करू शकतो. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्याच्या आधीच, २०१६च्या नियमांनी, विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम अशा मार्गाने करण्याची मुभा दिली होती. २०२१मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी आयोगाने मिश्र अध्ययनाचा मसुदाही प्रसिद्ध केला आणि त्यात ४० टक्के ऑनलाइन, ६० टक्के वर्गात अशी विभागणी सुचवली. परवानगीचा प्रश्न असा मिटला आहे. उरलेला प्रश्न अध्यापनाचा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर ४० टक्क्यांत शोधून सापडणार नाही. ऑनलाइन भागामुळे वर्गातला जो वेळ मोकळा होतो, त्या वेळात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून काय करतात, यावर मिश्र अध्ययन टिकते किंवा फसते.

आधी गाव पाहू. मीरा-भाईंदरला १९८५मध्ये नगरपरिषद आली आणि २००२मध्ये महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. मिठागरे, शेती आणि उत्तनचे कोळीवाडे यांच्यामध्ये पाहता पाहता उभे राहिलेले हे शहर. इथली महाविद्यालयेही त्या वाढीबरोबरच आली: नवघरचे शंकर नारायण, गोडदेवचे अभिनव, मीरा रोडचे रॉयल, कनकियाचे एल. आर. तिवारी अभियांत्रिकी. सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न. चर्चगेट इथून सुमारे चाळीस किलोमीटर, आणि इथल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी कॉलेज, दुपारी बोरिवली-अंधेरीला सीएच्या ऑफिसात किंवा दुकानात नोकरी, अशी दिनचर्या वाणिज्य शाखेच्या मुलांत नवलाची नाही. उत्तन-पालीच्या मुलाला तर स्टेशन गाठायलाही आधी बस धरावी लागते. अशा ठिकाणी वेळ आणि शांत जागा या दोन गोष्टी दुर्मीळ असतात. ऑनलाइन व्याख्यान वेळेची अडचण थोडी हलकी करते. दोन खोल्यांच्या घरात जागेची अडचण मात्र ते उलट वाढवते.

शिक्षक समोर नसताना शिकवणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१पासूनचे. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांवर त्याची घडी बसवली. अभ्यासकेंद्र हा त्या रचनेतला कळीचा भाग होता. पुस्तक घरी पोहोचले तरी अडलेले विचारायला माणूस लागतो, हे मुक्त शिक्षणाच्या जाणकारांनी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. याच विषयाचा सिद्धान्त अमेरिकेत मायकेल मूर यांनी मांडला. शिक्षणातले अंतर मैलांत मोजायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो आणि अभ्यासक्रमाची रचना किती ताठर आहे, यावर ते अंतर ठरते. हा निकष लावला तर शंभर-सव्वाशेच्या तुकडीत शेवटच्या बाकावर बसून वर्षभर एकही प्रश्न न विचारणारा मीरा रोडचा मुलगा हाही दूरस्थ विद्यार्थीच ठरतो. म्हणून ‘वर्ग चांगला, ऑनलाइन वाईट’ हा वाद मला निरर्थक वाटतो.

मार्च २०२०मध्ये कोविडच्या टाळेबंदीत लोकल थांबली आणि सगळे अध्यापन एकदम पडद्यावर गेले. राज्यातली महाविद्यालये पुन्हा नीट उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडले. त्या काळाच्या अनुभवावरून अनेक प्राध्यापक आजही ऑनलाइन शिक्षणाला नाके मुरडतात. पण ती आणीबाणीची सोय होती. विचारपूर्वक आखलेले मिश्र अध्ययन ते नव्हते. वर्गातले पाऊण तासाचे व्याख्यान जसेच्या तसे मोबाइलवर आले, एवढाच फरक झाला. त्यावरून या पद्धतीचा निकाल लावणे अन्यायाचे आहे.

आता रचनेकडे वळू. स्वयम्‌च्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. पहिले दोन एकदा तयार झाले की शंभर जणांनी पाहिले काय आणि लाखाने पाहिले काय, खर्च फारसा वाढत नाही. चर्चेचे तसे नाही. प्रश्न वाढले की उत्तर देणारी माणसे वाढवावी लागतात. मूल्यमापन यंत्राकडे सोपवता येते, पण यंत्र उत्तर चुकले एवढेच सांगते. ते का चुकले हे सांगायला चुकीचा माग काढणारा कुणीतरी हवा. म्हणजे आशय स्वस्त झाला आहे आणि शंकानिरसन तितकेच महाग राहिले आहे. नुसत्या आशयावर किती जण तरतात याचे उत्तर हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी दिले आहे. २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार २०१७-१८मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही निम्म्याहून कमी.

उलट बाजूचा पुरावाही नीट वाचला पाहिजे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००९मध्ये प्रसिद्ध केले. त्यात निव्वळ वर्गातल्या शिक्षणापेक्षा मिश्र अध्ययनाचा निकाल सरस दिसला, आणि ते वाक्य आपल्याकडच्या चर्चासत्रांत हमखास ऐकू येते. पुढचे वाक्य क्वचितच येते: मिश्र गटातल्या विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाला जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, त्यामुळे या यशाचे श्रेय माध्यमाला देता येत नाही. व्हिडिओ मिसळला की शिकणे आपोआप सुधारते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. विद्यार्थी विषयाशी जास्त वेळ झटला की तो जास्त शिकतो, एवढेच त्यातून खात्रीने निघते.

मग मोकळ्या झालेल्या तासिकेत करायचे काय? लेखाकर्मातला घसारा (डेप्रिसिएशन), म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, घेऊ. भाईंदर पूर्वेच्या एका कारखानदाराने १ ऑक्टोबरला २ लाखांचे यंत्र घेतले. ऱ्हासमान शेष पद्धत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा), दर १० टक्के, हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. दुसऱ्या वर्षाचा घसारा किती? पद्धतीचा व्हिडिओ पाहून सगळे माना डोलावतात, कारण ऐकताना सगळे सरळ वाटते. आता उत्तराला तीन पर्याय द्या: २०,०००, १८,००० आणि १९,०००. जो २०,००० म्हणतो, तो दरवर्षी मूळ किमतीवरच घसारा काढतो आहे; शिल्लक कमी होते हेच त्याच्या ध्यानात आलेले नाही. १८,००० म्हणणाऱ्याला पद्धत कळली आहे, पण यंत्र अर्धेच वर्ष वापरले गेले हे निसटले. त्याने पहिल्या वर्षी पूर्ण २०,००० वजा केले. बरोबर चालणारा पहिल्या वर्षी १०,००० वजा करतो, १,९०,००० शिल्लक धरतो आणि १९,०००वर येतो. दोन चुका, दोन वेगळी कारणे, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा. शिक्षकाने मुलांना आपापले उत्तर लिहायला लावावे, हात वर करून मोजणी घ्यावी, मग शेजारी वेगळे उत्तर असलेल्याला पटवून द्यायला सांगावे आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजणी घ्यावी. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१पासून हीच पद्धत आपल्या वर्गात राबवली. तिला स्मार्ट बोर्ड लागत नाही. लागतो तो मुले कुठे घसरतात हे ओळखून बेतलेला प्रश्न, आणि तो बेतणारा शिक्षक या मुलांच्या रोजच्या सहवासातलाच हवा.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. मीरा-भाईंदरच्या एका वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतून आलेली मुले शेजारी बसतात. स्वयम्‌वरची बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक लहान धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, ते मोलाचे काम आहे. पण लेखाकर्म किंवा अर्थशास्त्र असे सहज तयार मिळत नाही. शेजाऱ्याला १९,००० का, हे समजावताना मुलगी ‘डेप्रिसिएशन’ इंग्रजीत म्हणते आणि बाकीचे दोघांच्या सोयीच्या भाषेत सांगते. इंग्रजी व्याख्यानातून अर्धवट उरलेले तिथे पुरे होते. चर्चामंचावर इंग्रजीत प्रश्न टाइप करायला बिचकणारी मुले इथे बोलती होतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला पाहता येईल.

व्हिडिओच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. लहान असावेत. एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या लक्षावधी पाहण्यांचे जे विश्लेषण २०१४मध्ये झाले, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष सहा मिनिटांपलीकडे फारसे टिकत नसल्याचे दिसले. लोकलमध्ये पाहता यावेत म्हणून ते डाउनलोड करता आले पाहिजेत, आणि ज्यांना घरी जागा नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय दुपारनंतरही उघडे हवे.

खरी अडचण पैशाची आहे, आणि तिच्यावर उघडपणे बोलले जात नाही. आयोगाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. उपनगरातली महाविद्यालये, त्यांतही विनाअनुदानित अभ्यासक्रम, बऱ्याच अंशी तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर चालतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकांचे. एखाद्या विषयाच्या आठवड्याला चार तासिकांपैकी दोन ऑनलाइन गेल्या, तर त्या विषयातली त्यांची कमाई निम्म्यावर येते. काम मात्र वाढते: व्हिडिओ निवडायचा, घसाऱ्यासारखे प्रश्न बेतायचे, वर्गाआधी सत्तर-ऐंशी उत्तरे चाळून चुका ओळखायच्या. या कामाचा कुठल्याही कार्यभारपत्रकात रकाना नाही. संस्थाचालकाला दोन तुकड्या एकत्र करून खर्च वाचवायचा मोह होणारच, आणि अध्यापकाने त्याला विरोध केला तर तो प्रतिगामी ठरवला जाईल. मला तो विरोध रास्त वाटतो.

त्यामुळे ४० टक्क्यांची मुभा वापरणाऱ्या महाविद्यालयाने दोन गोष्टी आधी लेखी मान्य कराव्यात. पहिली, ऑनलाइन गेलेल्या प्रत्येक तासिकेमागे प्रश्न बेतणे आणि उत्तरे तपासणे हे काम अध्यापनाइतकेच मोजले जाईल आणि त्याचे मानधन त्याच दराने मिळेल. दुसरी, वाचलेली वर्गखोली तुकड्या जोडून भरली जाणार नाही. उलट एका तुकडीचे दोन भाग करून प्रत्येकाला पन्नास-साठ जणांचा वर्ग मिळेल. पहिल्या वर्षाचे लेखाकर्म, एक सत्र, घसाऱ्यासारखे चार-पाच घटक, एवढ्यावर सुरुवात करता येते. सत्राच्या शेवटी मिश्र आणि नेहमीच्या अशा दोन्ही प्रकारच्या तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, आणि किती गुण मिळाले याच्याबरोबर कोणती चूक किती जणांनी केली, हेही मोजावे.