गळ्यातील वाट : चाकू, सुई आणि सुरक्षिततेचा हिशेब

अतिदक्षता विभागातील रुग्ण आठ-दहा दिवस उलटूनही व्हेंटिलेटरवरच असेल, तर डॉक्टर नातेवाइकांपुढे एक प्रस्ताव ठेवतात. तोंडातून घातलेली नळी काढायची आणि गळ्याच्या पुढच्या बाजूस छिद्र करून दुसरी नळी थेट श्वासनलिकेत बसवायची. ही ट्रॅकिओस्टॉमी. नातेवाइकांचा प्रश्न साधा असतो : यात जिवाला धोका किती? वैद्यकीय संशोधनाने गेल्या चार दशकांत मात्र प्रामुख्याने वेगळा प्रश्न विचारला : छिद्र चाकूने करावे की सुईने? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. पहिल्याचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही.

गळा उघडून श्वास वाचवण्याची कल्पना प्राचीन आहे. बिथिनियाच्या अस्क्लेपियाडीस या ग्रीक वैद्याकडे परंपरा तिचे श्रेय देते. यशस्वी शस्त्रक्रियेची स्पष्ट नोंद मात्र १५४६ मधील, इटलीच्या अंतोनियो ब्रासावोला यांची. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेतोनो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका मुलीला याच मार्गाने वाचवले आणि त्यांचे शिष्य त्रूसो यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. तरीही ती दीर्घकाळ अखेरचा उपायच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन यांनी तिला शिस्त लावली. छिद्र स्वरयंत्राच्या फार जवळ घेतल्यास पुढे तेथील मार्ग आक्रसतो, हे त्यांनी १९२१ मध्ये रुग्णांच्या नोंदींवरून दाखवून दिले. छिद्र कोठे घ्यावे, हा सुरक्षिततेचा पहिला मोठा धडा होता.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओच्या साथीने ग्रासले आणि या शस्त्रक्रियेचा हेतूच बदलला. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक दगावत होते. साथीच्या पहिल्या आठवड्यांत उपकरणांच्या साहाय्याने श्वास दिलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ मरण पावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यातून नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग सुचवला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम येथेच मानतात. गळ्यातील छिद्र आता केवळ अडथळा ओलांडण्यासाठी नव्हते; दीर्घकाळ कृत्रिम श्वास देण्याचा तो मार्ग झाला होता. भारतात याच मार्गाचे मोल धनुर्वाताच्या रुग्णांनी दाखवून दिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या अतिदक्षता उपचारांवर केलेले काम या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

मार्ग रूढ झाला, पण अडचण होती. गंभीर रुग्णाला शस्त्रक्रियागृहापर्यंत नेणे हेच जोखमीचे होते. छिद्र खाटेवरच, कमी कापाकापीत करता आले तर? शेल्डन यांनी १९५५ च्या सुमारास असे एक उपकरण वापरून पाहिले. पण आत जाणारे टोकदार पाते शल्यचिकित्सकाला दिसत नसे, आणि गळ्यातील महत्त्वाच्या अवयवांना इजा होऊन मृत्यूही ओढवले. कमी कापणे म्हणजे कमी धोका, हे समीकरण तेव्हाच फसले होते.

उत्तर मिळाले ते रक्तवाहिन्यांच्या तपासणीतून. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये एक युक्ती मांडली होती : सुई टोचावी, सुईतून लवचीक तार आत सोडावी, सुई काढावी आणि तारेवरूनच नळी सरकवावी. तीच युक्ती अमेरिकेतील शल्यचिकित्सक पास्क्वाले सियाग्लिया यांनी १९८५ मध्ये श्वासनलिकेसाठी वापरली. तारेवरून वाढत्या जाडीची निमुळती साधने एकामागून एक सरकवत त्यांनी छिद्र कापण्याऐवजी रुंदावले. आरंभी हे छिद्र स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेलगत घेतले जाई. पुढे ते खालच्या कड्यांमध्ये नेण्यात आले. जॅक्सन यांचा धडा नव्या तंत्राला पुन्हा शिकावा लागला. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रिग्ज यांनी तारेवरून जाणारा चिमटा आणला, तर दशकाच्या अखेरीस अनेक साधनांचे काम एकाच निमुळत्या, वक्र साधनाने होऊ लागले. पुढे ब्रॉन्कोस्कोपही जोडीला आला. सुई नेमकी कोठे शिरते ते आतून पाहता येऊ लागले.

भारत या प्रवासात केवळ ग्राहक राहिला नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुशील अंबेश आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ग्रिग्ज यांचा चिमटा आणि एकच निमुळते साधन यांची यादृच्छिक चाचणीत तुलना केली. प्रत्येक गटात ३० रुग्ण. पुढे अंबेश यांनी स्वतःचे साधन घडवले : टी आकाराची मूठ, लंबवर्तुळाकार छेद आणि दांड्याला छिद्रे. विस्तार करताना साधन श्वासनलिकेतच असते आणि तेवढा वेळ हवेची वाट अडते; ती छिद्रांतून मोकळी राहावी, हा त्यामागचा विचार.

मग चाकू की सुई? २००६ मधील एका विश्लेषणात १७ चाचण्यांतील १,२१२ रुग्णांची आणि २०१६ मधील कॉक्रेन आढाव्यात २० चाचण्यांतील १,६५२ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. दोन्हींत एक गोष्ट ठळक दिसली. सुईच्या पद्धतीत जखमेचा संसर्ग बराच कमी होतो. कॉक्रेनच्या अंदाजाने शस्त्रक्रियेच्या सुमारे एक-चतुर्थांश. कारण समजण्यासारखे आहे : रुंदावलेली ऊती नळीला घट्ट बिलगते आणि उघडी जखम लहान राहते. मृत्यूच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धतींत स्पष्ट फरक आढळला नाही.

'फरक आढळला नाही' या शब्दांपाशी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. ३० रुग्णांत एखादी दुर्घटना एकदाही घडली नाही, तर तिची शक्यता शून्य ठरते का? सांख्यिकीचा एक सोपा नियम आहे : ३ ला रुग्णसंख्येने भागावे. उत्तर येते १० टक्के. म्हणजे दुर्घटनेचे खरे प्रमाण जवळपास १० टक्के असले, तरी ३० जणांत ती एकदाही न दिसणे शक्य आहे. सुईच्या पद्धतीतील मृत्यूंचा २०१३ मधील एक आढावा हे प्रमाण सुमारे ०.१७ टक्के सांगतो, म्हणजे साधारण ६०० रुग्णांत एक. एखादे तंत्र हे प्रमाण निम्मे करते, हे रूढ निकषांनी सिद्ध करायचे तर प्रत्येक गटात २५ हजारांहून अधिक रुग्ण लागतील. वीस चाचण्या मिळून रुग्ण होते दोन हजारांहूनही कमी. तंत्रांच्या तुलनेने संसर्गाचे उत्तर दिले ते संसर्ग वारंवार घडतो म्हणून. विरळ मृत्यूविषयी ती बोलूच शकत नव्हती.

विरळ घटना समजून घेण्याचा मार्ग वेगळा : घडलेली प्रत्येक घटना तपासणे. २०१३ च्या त्या आढाव्यातील ७१ मृत्यूंपैकी जेमतेम एक-तृतीयांश प्रत्यक्ष प्रक्रियेदरम्यानचे होते. जवळपास निम्मे पुढच्या सात दिवसांतले. ब्रिटनमध्ये श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशव्यापी नोंद झाली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला. अतिदक्षता विभागातील गंभीर हानी आणि मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण निघाले ते जागेवरून सरकलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी. शिवाय, नळी श्वासमार्गातच आहे की नाही हे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडवरून तत्काळ दाखवणारी कॅप्नोग्राफी न वापरल्याचा ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंत वाटा असावा, असा निष्कर्ष निघाला.

येथे तंत्र आणि देखभाल यांची गाठ पडते. सुईने केलेली वाट कापलेली नसून ताणलेली असते. पहिल्या काही दिवसांत नळी निसटली तर ती पटकन मिटते आणि नळी पुन्हा घालताना भलत्याच ठिकाणी जाऊ शकते. म्हणून या पद्धतीत पहिली नळी शक्यतो सात ते दहा दिवस बदलत नाहीत. जो गुण संसर्ग रोखतो, तोच आणीबाणीत अडचण ठरतो. हे त्या रात्री खाटेजवळ असलेल्या परिचारिकेला ठाऊक असणे निर्णायक असते. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये यासाठी सुचवलेला एक उपाय अगदी स्वस्त आहे : उशाशी लावायचा फलक. छिद्र केव्हा व कोणत्या पद्धतीने केले, नळी कोणत्या मापाची, तोंडावाटे श्वास देता येईल का, एवढेच त्यावर लिहायचे.

आणखी एक प्रश्न तंत्राच्याही आधीचा : छिद्र हवेच का? ब्रिटनमधील ट्रॅकमॅन चाचणीत ९०९ रुग्णांची विभागणी झाली. एका गटात चार दिवसांच्या आत छिद्र, दुसऱ्यात दहा दिवसांनंतर, गरज उरल्यास. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३० दिवसांतील मृत्यूंत फरक नव्हता; दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना छिद्राची गरजच पडली नाही.

भारतातील अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिने २०२० मध्ये ट्रॅकिओस्टॉमीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. खरी कसोटी त्यानंतरची आहे. अतिदक्षता विभागातून हा रुग्ण सामान्य कक्षात येतो. तेथे यंत्रे कमी आणि एका परिचारिकेकडे रुग्ण अनेक. फुगा भरलेल्या नळीमुळे त्याचा श्वास स्वरयंत्राला वळसा घालून जातो, त्यामुळे नळी कफाने तुंबली तरी त्याला हाक मारता येत नाही. नातेवाइकांना म्हणूनच कोणत्या पद्धतीने छिद्र करणार एवढेच विचारून चालणार नाही. पुढचे दहा दिवस नळीवर लक्ष कोण ठेवणार, हेही विचारावे लागेल.