रानपिंगळ्याचं घर



पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दिवेलागणीला विजेच्या तारेवर नाहीतर जुन्या भिंतीच्या भोकात बसतो आणि चिरचिरतो. आज आम्ही सांगणार आहोत त्याच्या रानातल्या भाऊबंदाची, म्हणजे रानपिंगळ्याची हकिकत. हा पक्षी भारताबाहेर कुठेच आढळत नाही.

१८७२ मध्ये मध्य भारतात तो पहिल्यांदा अभ्यासकांच्या हाती लागला. १८८४ मध्ये खानदेशात मिळाला. त्यानंतर तब्बल ११३ वर्षं त्याची एकही खात्रीची नोंद नाही. तो संपला असंच पुष्कळांना वाटलं. मग १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. आणि २०१४ मध्ये आपल्या शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्यात!

पिंगळा गावोगाव दिसतो, मग रानपिंगळाच का दुर्मीळ झाला? पिंगळा माणसांत जमवून घेतो. रानपिंगळ्याला मात्र रानच लागतं आणि अंडी घालायला झाडाची ढोली लागते. ढोली पडायला झाड जुनं व्हावं लागतं, आणि जुनी झाडंच आधी तुटली. १८५५ मध्ये आगगाडी वाशिंदला आली. त्या काळात रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी देशभर जंगलं तोडली गेली. पुढे शेती, धरणं, रस्ते आणि वणवे यांनी उरलेल्या रानाचे तुकडे झाले. एका तुकड्यातलं रान गेलं की तिथला पक्षी जाणार कुठे?

दुसरं कारण अंधश्रद्धेचं. घुबड अशुभ म्हणून त्याला दगड मारतात, जादूटोण्यासाठी त्याचा जीव घेतात. खरं तर रानपिंगळा उंदीर आणि सरडे खाऊन जगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणं गुन्हा आहे.

तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. त्याच्या भोवतीचं रान टिकलं, त्याच रानात हा पक्षी दिसला.

आता आपलं काम. सरपणाला आपणच जातो आणि चूल तर पेटायलाच हवी. वाळलेलं झाड आयतं मिळालं तर कोण सोडेल? पण त्याच खोडात बऱ्याचदा ढोली असते. म्हणून खाली पडलेल्या काटक्या आणू या. ढोली असलेलं उभं झाड, वाळलेलं असलं तरी, राहू द्या. येत्या बैठकीत गटाने एवढं ठरवावं आणि मुलांनाही सांगावं, की घुबडाला दगड मारायचा नाही.