हवेची वही आणि एलाची आई

बचत गटात आपण प्रत्येक रुपया वहीत लिहितो. उद्या वाद झाला, तर वहीच बोलते. हवेचीही अशी वही असते. लंडनच्या एका आईला ती कशी उपयोगी पडली, ते आज ऐकूया.

आधी थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९५२. लंडनमध्ये कडाक्याची थंडी, घरोघरी कोळसा पेटलेला आणि वारा पडलेला. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस धूर शहरावर बसून राहिला. त्या वेळी सुमारे ४,००० माणसं दगावल्याचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासात तो आकडा १२,००० पर्यंत गेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. हळूहळू चुलीतला कोळसा कमी झाला, पण रस्त्यावरच्या गाड्या वाढत गेल्या. त्यांच्या धुरातले काही वायू डोळ्यांना दिसत नाहीत. ते यंत्रानेच मोजावे लागतात.

दक्षिण लंडनमध्ये साउथ सर्क्युलर नावाचा रात्रंदिवस वाहता रस्ता आहे. त्याच्या अगदी जवळ रोझामंड अडू-किसी-डेब्राह राहत होत्या. त्यांच्या लेकीचं नाव एला. तिला दम्याचे जोरदार झटके यायचे. तीन वर्षांच्या आत तिला पंचविसाहून जास्त वेळा दवाखान्यात दाखल करावं लागलं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी एला गेली. नऊ वर्षांची होती.

२०१४ साली मृत्यूची चौकशी झाली. श्वास बंद पडला, एवढंच ठरलं. हवेच्या प्रदूषणाचा त्यात उल्लेख नव्हता. पण आईचं मन मानेना. घरापासून सुमारे मैलभर अंतरावर हवा मोजणारं केंद्र होतं. प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी तिथले आकडे आणि एला आजारी पडल्याच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. २०१८ मध्ये त्यांनी अहवाल दिला, की तिच्या आजाराचा हवेच्या प्रदूषणाशी संबंध दिसतो. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने जुना निकाल रद्द केला. १६ डिसेंबर २०२० रोजी नवा निकाल आला : एलाच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच नोंदलं गेलं. निकालात आणखी एक गोष्ट होती. या धोक्याची माहिती आईला कुणी दिली नव्हती. दिली असती, तर तिने लेकीसाठी काही पावलं उचलली असती.

आवाजाचंही तसंच आहे. आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना आणि शाळेभोवती शांतता क्षेत्र असेल, तर तिथे त्याहून कमी, दिवसा ५० आणि रात्री ४०. “फार गोंगाट होतो” असं म्हटलं, तर लोक मान डोलावून पुढे जातात. आकडा, तारीख आणि वेळ लिहिलेली असली, की उत्तर द्यावं लागतं.

मैत्रिणींनो, तुमचं घर किंवा लेकरांची शाळा हमरस्त्याला लागून असेल आणि एखाद्या मुलाला धाप लागत असेल, तर गटाच्या वहीत एक पान त्याच्यासाठी ठेवा. त्रास कोणत्या दिवशी, किती वाजता झाला, ते लिहा. दवाखान्याचे कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा. एलाच्या तारखा आणि हवेचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडून होते. ते एकत्र येऊन निकाल लागायला जवळजवळ आठ वर्षं गेली.