माशाच्या तेलाच्या गोळ्या घेताय? समोरचे ‘१०००’ नाही, मागचा आकडा वाचा

इंदूर (तुकोगंज) : खान्देश, बऱ्हाणपूरकडून उपचारासाठी इंदूर गाठणारे अनेक जण आहेत. तुकोगंज परिसरात डॉक्टरांना दाखवायचे, आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात औषधे घ्यायची आणि संध्याकाळची गाडी धरायची. त्या पिशवीत आता ‘ओमेगा-३’ची डबीही असते. कधी डॉक्टरांनी लिहून दिलेली, कधी जिममध्ये कुणी सांगितलेली, तर कधी ‘हृदयाला चांगली असते’ म्हणून आपल्याच मनाने घेतलेली. गोळी तेलाचीच आहे, तिने काय होणार, असा समज असतो. पण प्रमाण वाढले तर या गोळीचाही त्रास होऊ शकतो.

गोळीत नेमके काय असते?

माशाच्या तेलातले कामाचे घटक दोन : ईपीए आणि डीएचए. डबीवर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेले असते, ते एकूण तेलाचे वजन. साध्या गोळीत त्यातले ईपीए साधारण १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ३००. ‘स्ट्राँग’ गोळीत हाच आकडा ६०० ते ९०० पर्यंत जातो. म्हणून ‘रोज दोन गोळ्या’ या सांगण्याला तसा काही अर्थ नाही. डबी फिरवून मागे ईपीए आणि डीएचए किती, ते पाहावे आणि दोन्हींची बेरीज करावी.

किती पुरे, किती जास्त?

* निरोगी मोठ्या माणसाला रोज २५० ते ५०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए पुरेसे मानले जाते. आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली यांसारखे तेलकट समुद्री मासे खाल्ले तरी ते मिळते.
* युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मोठ्या माणसांसाठी रोज ५ ग्रॅमपर्यंतचे सप्लिमेंट धोक्याचे नाही असे म्हटले होते. पण ही वरची मर्यादा आहे, रोजचा डोस नव्हे.
* रक्तातले ट्रायग्लिसराइड खूप वाढले असेल तर डॉक्टर रोज ४ ग्रॅमपर्यंत देतात. ते औषध आहे. दुकानातल्या साध्या गोळ्यांनी तो डोस गाठायचा तर रोज तेराच्या वर गोळ्या लागतील. असा प्रयोग घरी करू नये.

जास्त घेतल्याने काय होते?

सुरुवातीचा त्रास पोटाचा : मासळीच्या वासाचे ढेकर, मळमळ, जुलाब. जेवणासोबत घेतल्यास तो कमी होतो.

खरी काळजी हृदयाच्या ठोक्यांची आहे. हृदयासाठी घेतलेल्या गोळीनेच ठोके अनियमित होण्याचा धोका जास्त डोसला वाढतो. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. २०२० साली जाहीर झालेल्या ‘स्ट्रेंथ’ चाचणीत १३,०७८ रुग्ण होते. रोज ४ ग्रॅम घेणाऱ्या गटात हा विकार २.२ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात १.३ टक्के. हृदयविकार कमी करण्यात मात्र फायदा दिसला नाही. फक्त ईपीए असलेल्या औषधाच्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत फायदा दिसला, पण ठोक्यांची तक्रार तिथेही वाढली. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ओमेगा-३ औषधांच्या दुष्परिणामांत या विकाराची नोंद करायला सांगितले.

गोळ्या सुरू असताना छातीत धडधड, दम लागणे, चक्कर असे काही जाणवले तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि ईसीजी काढून घ्यावा. गोळी डॉक्टरांनीच दिली असेल तर त्याच दिवशी त्यांना कळवावे.

कॉडलिव्हर वेगळे

पिवळी कॉडलिव्हर गोळी आणि ओमेगा-३ गोळी एकच, असे समजू नये. कॉडलिव्हर माशाच्या यकृताचे तेल असते, त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वही असते. मोठ्या माणसाला ‘अ’ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम. कॉडलिव्हर तेलाच्या एका छोट्या चमच्यात साधारण १,३५० मायक्रोग्रॅम असू शकते. तिसऱ्या चमच्याला मर्यादा ओलांडली. शिवाय मल्टिव्हिटॅमिनही सुरू असेल तर ते वेगळे. जादा ‘अ’ यकृताला आणि हाडांना बाधते. गरोदरपणात ते पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, म्हणून गर्भवतींनी कॉडलिव्हर टाळावे.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावे?

* वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी
* ठोक्यांचा त्रास आधीपासून असलेल्यांनी
* माशांची अॅलर्जी असलेल्यांनी
* ऑपरेशन ठरलेल्यांनी
* गर्भवतींनी, आणि लहान मुलांना देण्याआधी आईवडिलांनी

गावचे डॉक्टर वेगळे आणि इंदूरचे वेगळे असतील तर दोघांनाही सगळ्या डब्या दाखवाव्यात. नावे वेगळी आणि आतला घटक एकच, असे झाले तर डोस नकळत दुप्पट होतो.

घेताना आणि ठेवताना

डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापले असेल तर ते खाद्य उत्पादन आहे, औषधाला पर्याय नाही. एफएसएसएआय क्रमांक आणि मुदत तपासावी. माशाचे तेल उष्णतेने खवट होते. मेमध्ये बंद गाडीत, खिडकीशी किंवा गॅसजवळ डबी ठेवू नये. शंका आली तर एक गोळी फोडून पाहावी. उग्र, कुजकट वास आला तर डबी टाकून द्यावी.

शाकाहारी घरांत काय?

जवसाची चटणी आणि अक्रोड यांत ओमेगा-३चा वेगळा प्रकार असतो. शरीर त्यातला थोडाच भाग ईपीए-डीएचएमध्ये बदलते, तरी रोजच्या जेवणात तो चांगलाच. गोळीच हवी असेल तर शेवाळापासून काढलेले डीएचए मिळते. मात्र गोळीचे आवरण जिलेटिनचे नाही ना, हे पाहण्यासाठी हिरवी खूण बघून घ्यावी.

निरोगी माणसाला या गोळीची गरज असतेच असे नाही. २५,८७१ लोकांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज एक ग्रॅमची गोळी घेऊनही हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना एकंदरीत ठळकपणे कमी झाल्या नाहीत. डॉक्टरांनी दिली असेल तर सांगितली तेवढीच घ्यावी आणि मनाने बंदही करू नये. स्वतःहून घेत असाल तर पुढची डबी विकत घेण्याआधी ती कशासाठी, हे एकदा डॉक्टरांना विचारावे.